बुडत्या नौकेची हाक

लखनौचे नाव निघाले म्हणजे मराठी माणसाच्या मनात पहिल्याने उभे राहते ते भातखंड्यांचे संगीत विद्यालय. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने तेथे मॅरिस कॉलेज निघाले आणि गोमतीकाठच्या त्या नगरीशी आपले नाते जडले ते स्वरांचे. समुद्राशी तिचा काही संबंध असेल, असे मात्र कोणाच्या स्वप्नातही यायचे नाही. लखनौहून कोणत्याही दिशेस निघा, शेकडो किलोमीटर तुडवल्यावाचून खारे पाणी दृष्टीस पडत नाही.

याच शहराच्या दक्षिण अंगाला, रायबरेली रस्त्याच्या बाजूस, वृंदावन योजना या नावाची मोठी वसाहत आहे. २०२० च्या फेब्रुवारी महिन्यात, ५ ते ९ या तारखांना, तेथे संरक्षण सामग्रीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. माझे एक आप्त त्या वसाहतीत राहतात. त्यांच्याकडे मुक्काम असल्यामुळे प्रदर्शन पाहण्याचा योग अनायासे आला. बरोबर त्यांची आठ-नऊ वर्षांची नात होती. तोफा आणि रणगाडे पाहून झाल्यावर आम्ही एका लहानशा दालनापाशी आलो. तेथे नौकांवर ठेवावयाची नाना प्रकारची उपकरणे मांडलेली होती. त्यांत एक नारिंगी रंगाची, पाण्याच्या लहान बाटलीएवढी वस्तू होती. तिच्या डोक्यावर बारीकशी तार आणि एक दिवा होता. मुलीने ती उचलली आणि तिच्या अंगावरच्या झाकणाखाली बोट घातले. तोच दालनावरील गृहस्थाने लगबगीने ती काढून घेतली. "बेटी, इसे दबाते नहीं. नाव डूबने लगे तभी दबाते हैं," असे तो म्हणाला. बाहेर आल्यावर मुलीने मला विचारले, "आजोबा, इथे तर समुद्रच नाही. मग ते इथे दाबलं असतं, तर ऐकलं कुणी असतं?"

मी तेव्हा काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढे या विषयाची थोडी चौकशी केली, तेव्हा तिचा प्रश्न किती मार्मिक होता हे ध्यानात आले. संकटात सापडलेल्या माणसाने हाक मारावी हे स्वाभाविकच होय. ती ऐकतो कोण, ती कोणाची व कोठून आली हे त्याला कळते कसे, आणि आपली हाक पोहोचली हे हाक मारणाऱ्याला कसे समजावे, हाच या साऱ्या विद्येचा गाभा आहे. आजच्या भाषणात त्याविषयी चार गोष्टी सांगण्याचा विचार आहे.

समुद्रावरचे संकट आणि जमिनीवरचे संकट यांत एक मोठा फरक आहे. जमिनीवर घर पेटले तर धूर दिसतो, शेजारी धावतात. समुद्रात नौका बुडाली की पाणी पुन्हा सपाट होते. काय झाले याची खूणही मागे उरत नाही. १८८८ च्या नोव्हेंबरात कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात नाहीशी झाली. तीवर सातशेहून अधिक माणसे होती असे मानतात. तिचा सांगाडासुद्धा कधी हाती लागला नाही. आपल्याकडील ‘रामदास’ बोटीची आठवण तर कुलाब्याच्या आणि मुंबईच्या जुन्या घरांतून अद्याप निघते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसला निघाली आणि पैलतीर दृष्टीच्या टप्प्यात असताना लाटांच्या तडाख्याने कलंडली. सहाशेहून अधिक लोक बुडाले. त्या बाजूने येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या मचव्यांत जेवढी माणसे ओढून घेता आली तेवढी घेतली. परंतु मुंबई बंदरास बोटीवरून वर्दी गेली नाही. बातमी शहरात पोहोचली ती वाचून आलेल्या माणसांच्या तोंडून, आणि तीही काही तासांनी. एवढे मोठे बंदर, त्यात एवढ्या नौका, आणि ते सर्व हाकेच्या अंतरावर! पण हाकच पोहोचली नाही.

बिनतारी संदेशाचा शोध लागल्यावर हे संकट टळले असे वाटले होते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली, तेव्हा तिच्या तारायंत्रावरून मदतीच्या हाका एकसारख्या जात होत्या. सर्वांत जवळची मानली जाणारी ‘कॅलिफोर्नियन’ नावाची बोट बर्फामुळे थांबून उभी होती. पण तिचा एकुलता एक तारवाला दिवसभराचे काम संपवून झोपी गेला होता. म्हणजे हाक होती, कानही होता. फक्त तो मिटलेला होता. बिनतारी यंत्राला आणखीही एक मर्यादा होती. ते चालवावयास शुद्धीवर असलेला जाणता माणूस लागतो, बोट पाण्यावर असावी लागते आणि आपण कोठे आहोत हे त्या माणसाला ठाऊक असावे लागते. बुडणाऱ्या लहान नौकेवर यांपैकी एकही गोष्ट बहुधा शिल्लक नसते.

ही उणीव भरून काढण्यासाठी जे यंत्र निघाले तेच त्या प्रदर्शनात पाहिलेले नारिंगी उपकरण. खलाशी मंडळी त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘ईपर्ब’ म्हणतात. तटरक्षक दलात ‘बीकन’ हा शब्द रुळला आहे. आपण त्याला संकटसूचक म्हणू. मोठ्या जहाजावर हे सूचक उघड्या डेकवर एका घडवंचीत बसवलेले असते. जहाज बुडून घडवंची तीन-चार मीटर खोल गेली की पाण्याच्या दाबाने एक खटका सुटतो, सूचक मोकळे होऊन आपोआप वर येते आणि पाण्याच्या स्पर्शाने चालू होते. माणसाने काहीही करावयाचे उरत नाही. जहाज तळाशी गेले तरी त्याची हाक पाण्यावर तरंगत राहते. शिवाय त्यावर लुकलुकणारा दिवा असतो आणि जवळ आलेल्या विमानास किंवा नौकेस माग काढता यावा म्हणून १२१.५ मेगाहर्ट्झचा एक निराळा, दुबळा ध्वनीही त्यातून निघत राहतो.

मुख्य हाक निघते ती ४०६ मेगाहर्ट्झवर. म्हणजे सेकंदाला चाळीस कोटी साठ लक्ष कंपने. सुमारे पन्नास सेकंदांनी एकदा, अर्धा सेकंद एवढाच वेळ, हे यंत्र बोलते आणि पुन्हा गप्प बसते. त्याची शक्ती पाच वॅट. देवघरातल्या लहानशा दिव्याला लागेल इतकीच. असे निदान अठ्ठेचाळीस तास ते बोलत राहील एवढी वीज त्याच्या पोटात साठवलेली असते. त्या अर्ध्या सेकंदात ते आरडाओरडा करीत नाही, आपला परिचय देते. प्रत्येक सूचकाला पंधरा अक्षरांची एक स्वतंत्र खूण दिलेली असते. तीत देशाचाही क्रमांक गुंफलेला असतो; भारताचा क्रमांक ४१९ आहे. म्हणजे ‘वाचवा’ एवढेच न म्हणता, ‘मी अमुक देशाचा, अमुक खुणेचा, मला वाचवा’ असे ते म्हणते. अलीकडच्या सूचकांत उपग्रहांवरून आपले ठिकाण ओळखणारा भागही बसवलेला असतो, तेव्हा अक्षांश-रेखांशही त्याच बोलण्यात येतात.

परंतु प्रारंभी ही सोय नव्हती. यंत्राला आपले ठिकाण मुळीच ठाऊक नव्हते, आणि तरीही ते ओळखले जात असे. हे कसे, ते ऐकण्यासारखे आहे.

आपण फलाटावर उभे असतो आणि एखादी गाडी न थांबता शीळ घालीत निघून जाते. ती जवळ येईतो शीळ चढी वाटते, आणि इंजिन समोरून पुढे सरकताच एकाएकी उतरते. शीळ तीच, वाजवणाराही तोच; केवळ येण्या-जाण्याने स्वर बदलतो. या गोष्टीची उपपत्ती १८४२ साली ख्रिस्तियन डॉप्लर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने मांडली. तीन वर्षांनी बाइस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने तिची गमतीदार परीक्षा घेतली. त्याने आगगाडीत तुताऱ्या वाजवणारे लोक बसवले आणि रुळांच्या कडेला तयार कानाचे वादक उभे केले. गाडीतल्यांनी एकच स्वर धरावयाचा आणि बाहेरच्यांनी तो किती चढला, किती उतरला ते सांगावयाचे. उपपत्ती खरी ठरली. आमच्या भातखंडे बुवांना हा प्रयोग पाहावयास नक्की आवडले असते!

१९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात फिरू लागला, तेव्हा अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख या दोघा तरुणांनी त्याची ‘बीप बीप’ लक्षपूर्वक ऐकली. तिचा स्वर कसा चढतो-उतरतो हे टिपून, आपण एका जागी बसून उपग्रहाचा मार्ग गणिताने काढता येतो, असे त्यांना आढळले. पुढे त्यांच्याच प्रयोगशाळेतील मॅक्क्लुअर यांनी हा प्रश्न उलटा केला. उपग्रहाचा मार्ग ठाऊक असेल तर ऐकणाऱ्याचे ठिकाण काढता येईल की नाही? येते, आणि त्यावरून जहाजांना दिशा दाखवणारे पहिले उपग्रह निघाले. संकटसूचकांच्या बाबतीत हीच युक्ती तिसऱ्यांदा वळवून घेतली. येथे बोलतो तो खाली, समुद्रावर. ऐकतो तो वर, उपग्रहात. उपग्रह सुमारे साडेआठशे किलोमीटर उंचीवरून दर सेकंदास सात किलोमीटरहून अधिक वेगाने जात असतो. तो येताना सूचकाचा स्वर मूळ कंपनसंख्येपेक्षा सुमारे नऊ हजार कंपनांपर्यंत चढा भासतो आणि जाताना तितकाच उतरता. ज्या क्षणी तो मूळ स्वरावर येतो, तो उपग्रह सर्वांत जवळ असल्याचा क्षण. आणि स्वर झपाट्याने उतरला तर नौका उपग्रहाच्या मार्गाच्या नजीक, सावकाश उतरला तर दूर. एवढ्या माहितीवरून पाच किलोमीटरच्या आत ठिकाण सांगता येते.

यात एक गोम आहे. उपग्रहाच्या मार्गाच्या डाव्या अंगाला जसे एक ठिकाण निघते, तसेच उजव्या अंगालाही निघते. एक खरे आणि दुसरे आरशातले. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे दोहोंच्या हिशेबात जो सूक्ष्म फरक पडतो, त्यावरून, किंवा पुढच्या फेरीवरून, खरे कोणते ते ठरवतात. अरबी समुद्रातल्या नौकेचा शोध दख्खनच्या पठारावर घेण्याची पाळी मग येत नाही.

ही योजना कोणी उभारली हेही नमूद करण्यासारखे आहे. १९७२ च्या ऑक्टोबरात अलास्कामध्ये अमेरिकन काँग्रेसचे दोन सदस्य, बॉग्ज आणि बेगिच, यांना घेऊन जाणारे एक लहान विमान हरवले. ३९ दिवस शोध चालला; विमान सापडले नाही ते नाहीच. हरवलेल्यांनी स्वतःच आपला पत्ता सांगावा, या विचाराला त्यानंतर जोर चढला. पुढे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत रशिया या चौघांनी १९७९ साली एकत्र येऊन ‘कोस्पास-सारसॅट’ नावाची संघटना उभी केली. तो काळ शीतयुद्धाचा होता. जे एकमेकांवर क्षेपणास्त्रे रोखून बसले होते, तेच बुडत्यांची हाक ऐकण्यासाठी आपापले उपग्रह जोडून देत होते. पहिला उपग्रह रशियाने ३० जून १९८२ रोजी सोडला. त्याच सप्टेंबरात कॅनडाच्या डोंगराळ भागात पडलेल्या एका लहान विमानाची हाक त्याने टिपली आणि तिघांचे प्राण वाचले. हे तिघे, हरवलेल्या दुसऱ्या एका विमानाच्या शोधार्थ निघाले होते! तेव्हापासून आजवर या योजनेच्या साह्याने वाचलेल्यांची संख्या साठ हजारांच्या वर गेली आहे.

भारत या संघटनेत सामील झाल्यावर आपल्या अंतराळ संस्थेने उपग्रहांचे बोलणे ऐकण्यासाठी दोन भूस्थानके उभारली. एक बंगळूरला, आणि दुसरे लखनौला. होय, त्याच लखनौला! शहराच्या उत्तरेकडील जानकीपुरम भागात इस्रोचे केंद्र आहे. समुद्राविना असलेले हे गाव त्यासाठी का निवडले, असा प्रश्न पडेल. पण ऐकावयाचे आहे ते समुद्राचे बोलणे नव्हे, आकाशाचे. साडेआठशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे तीन हजार किलोमीटर दूर असला तरी तो क्षितिजाच्या वर दिसतो. लखनौहून मुंबई बाराशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा उपग्रह अरबी समुद्रावर असताना एका डोळ्याने तो नौकेला पाहत असतो आणि दुसऱ्या डोळ्याने लखनौच्या तबकडीला. उत्तरेस हिमालयही याच कक्षेत येतो. आणि हरवतात ती केवळ जहाजे नव्हेत, विमाने हरवतात, गिर्यारोहकही हरवतात. बंगळूरला या सर्वांचे नियंत्रण केंद्र आहे. भारताबरोबरच बांगलादेश, भूतान, नेपाळ, श्रीलंका, मालदीव, सेशेल्स आणि टांझानिया या देशांच्या हाका पोहोचवण्याचे कामही तेथून चालते.

याशिवाय आपल्या इन्सॅट मालिकेतील काही उपग्रहांवर, जसे २००३ चा इन्सॅट-३ए, २०१३ चा ३डी, २०१६ चा ३डीआर आणि २०२४ चा ३डीएस, या हाका टिपणारी यंत्रे बसवण्यात आली. छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरचे हे उपग्रह पृथ्वीवरून पाहता एका जागी स्थिर असतात. त्यामुळे हाक त्यांना तत्काळ ऐकू येते. पण ते हलत नसल्याने स्वर चढत-उतरत नाही आणि ठिकाण कळत नाही. खालून फिरणारा उपग्रह ठिकाण सांगतो, परंतु तो डोक्यावर येईतो तास-दोन तास लागू शकतात. या दोहोंच्या मध्ये, सुमारे वीस हजार किलोमीटरवर, दिशादर्शनाचे जे उपग्रह फिरतात त्यांच्यावरही आता ही यंत्रे बसली आहेत. एकाच वेळी अनेकांना हाक ऐकू आल्याने ती कोठून आली हे काही मिनिटांत ठरते.

हाक पोहोचली म्हणजे माणूस वाचला असे मात्र नव्हे. २०१८ साली नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी एकट्याने शिडाच्या नौकेतून जगप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत उतरले होते. त्यांची ‘तुरीया’ ही नौका गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली. तिचा आदर्श होती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’, आणि ती तर मुंबईतच बांधलेली नौका. नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली या ‘सुहेली’तून न थांबता जगाला फेरी घालीत होते, तेव्हा त्यांचे बिनतारी यंत्र बिघडले. न्यूझीलंड सोडल्यावर सुमारे साडेचार महिने ते जिवंत आहेत की नाहीत हे कोणाला कळले नाही. शेवटी अटलांटिक महासागरात एका तेलवाहू जहाजाला ते दिसले. बरोबर पन्नास वर्षांनी त्याच घडणीची ‘तुरीया’ दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटीपालटी झाली. तिची डोलकाठी मोडली, आणि टॉमींच्या पाठीला अशी जबर दुखापत झाली की त्यांना उठता येईना. तो दिवस २१ सप्टेंबर. त्यांनी उपग्रहाद्वारे संदेश पाठवला, संकटसूचक चालू केले आणि हा हा म्हणता ऑस्ट्रेलियातील शोधकेंद्राला वर्दी गेली. पण ते पर्थपासून सुमारे एकोणीसशे सागरी मैलांवर होते. आपल्या नौदलाच्या विमानाने जाऊन नौका हुडकली. ‘ओसिरिस’ नावाची फ्रेंच गस्तनौका त्यांच्यापाशी पोहोचून तिने त्यांना उचलले ते २४ तारखेस. हाकेला लागली काही मिनिटे, आणि हाकेला धावून जाण्यास तीन दिवस. समुद्राचा विस्तार यंत्राने लहान होत नाही. कोठे जावयाचे हे मात्र निश्चित होते, आणि ३९ दिवस व्यर्थ शोध करण्याची पाळी येत नाही.

आता आपल्या कोकणाकडे वळू. जहाजांना ही सूचके आंतरराष्ट्रीय नियमानेच ठेवावी लागतात. पण आपल्या किनाऱ्यावर समुद्रात जाणारा मोठा समाज जहाजांवरचा नव्हे, होड्यांवरचा आहे. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून जे नाखवे आणि तांडेल दर्यात उतरतात, ते मासळीच्या मागे किनारा दिसेनासा होईपर्यंत जातात. मोबाइल फोन किनारा मागे पडताच मुका होतो. होडीवरचे बिनतारी यंत्र त्याहून थोडे पुढे साथ देते, इतकेच. त्यानंतर मागे उरलेल्या घराला फक्त वाट पाहणे उरते.

ही वाट पाहणे काय असते, ते २०१७ च्या ओखी चक्रीवादळाने दाखवले. नोव्हेंबरच्या अखेरीस हे वादळ कन्याकुमारीच्या बाजूने अरबी समुद्रात शिरले, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे असंख्य मच्छीमार खोल समुद्रात होते. २ डिसेंबरला कळले की केरळच्या ६६ आणि तमिळनाडूच्या २ अशा ६८ नौका आणि त्यांवरचे ९५२ मच्छीमार आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला, देवगडच्या आसऱ्याला सुखरूप लागले आहेत. तिकडे गावोगावी त्यांची माणसे किनाऱ्यावर डोळे लावून बसली होती. ज्यांची माणसे देवगडला होती आणि ज्यांची पाण्यात बुडाली होती, त्या दोघांचीही ती रात्र सारखीच गेली असणार. कोण कोणत्या बाजूचे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वादळातून शेकडो मच्छीमार परत आले नाहीत.

लहान नौकांसाठी आपल्या अंतराळ संस्थेने एक स्वस्त, देशी संकटसूचक तयार केले आहे. ते २०१० पासून वापरात आहे आणि अशी वीस हजारांहून अधिक यंत्रे मच्छीमारांपर्यंत गेली आहेत. त्याची हाक आपल्याच उपग्रहामार्फत बंगळूरच्या केंद्राला आणि तेथून तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई व पोर्ट ब्लेअर येथील शोधकेंद्रांना जाते. तटरक्षक दलाकडे सोपवलेला समुद्र केवढा? सुमारे ४६ लक्ष चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या भूमीच्या जवळजवळ दीडपट. या यंत्रावर आग, बुडणे, आजारपण अशा संकटांसाठी निरनिराळ्या खुणा केलेल्या आहेत, ही मोठी शहाणपणाची गोष्ट झाली. ज्याला वैद्य हवा त्याच्याकडे पाणी उपसण्याचा पंप घेऊन जाऊन काय करावयाचे?

पण या पहिल्या यंत्रात एक उणीव होती, आणि मला वाटते, ती यंत्राची कमी आणि मनाची अधिक होती. हाक जात असे. उत्तर येत नसे. काळोख्या रात्री, होडीत पाणी शिरत असता, तांडेलाने कळ दाबली, पुढे काय? कोणी ऐकले का? मदत निघाली का? की यंत्रच बिघडले आहे? अशा वेळी माणूस काय करील सांगता येत नाही. होडी धरून बसणे शहाणपणाचे असता तो पोहत निघेल; खलाशांचा धीर सुटेल. २०२४ च्या आरंभी या यंत्राची दुसरी आवृत्ती पुढे आली आणि तिच्यात ही उणीव दूर केलेली आहे. केंद्राला हाक मिळाली की तसे उत्तर उपग्रहावरून होडीला परत येते. यंत्र तांडेलाच्या मोबाइल फोनला जोडता येते आणि संदेश त्याच्या स्वतःच्या भाषेत वाचता येतात. संकट नसताना वादळाच्या पूर्वसूचना आणि मासळी कोठे मिळेल याची माहितीही त्यावरून पाठवता येते. ही शेवटची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. जे यंत्र केवळ मरणाच्या दारात उपयोगी पडावयाचे, ते माणूस पेटीच्या तळाशी टाकून ठेवतो. जे रोज मासळी दाखवते, ते हाताशी राहते आणि त्याची वीजही भरलेली राहते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जगभर ४०६ मेगाहर्ट्झवर येणाऱ्या हाकांपैकी दहांत नऊहून अधिक खोट्या ठरतात. कोणी लबाडी करतो म्हणून नव्हे. डेक धुताना सूचकावर पाणी पडते. बसवताना ते उलटे बसते. जुनी नौका मोडीत निघते आणि तिच्याबरोबर भंगारात गेलेले सूचक ढिगाऱ्याखालून ‘वाचवा’ म्हणत राहते. चुकून चालू झाले तर घाबरून ते नुसते बंद करून गप्प बसू नये. लगेच तटरक्षक दलाला १५५४ या क्रमांकावर कळवावे, म्हणजे निघालेली नौका परत बोलावता येते.

आणि येथेच ती पंधरा अक्षरांची खूण कामास येते. खूण म्हणजे केवळ क्रमांक. तो कोणाचा, हे यंत्राला ठाऊक नसते. ते बंगळूरच्या नोंदवहीत लिहिलेले असावे लागते. मालकाने सूचक घेतल्यावर नौकेचे नाव, रंग, आकार, त्यावर किती माणसे जातात, आणि किनाऱ्यावरच्या कोणाला फोन करावयाचा, हे सारे नोंदवावयाचे असते. नौका विकली तर नोंद बदलावयाची असते. फोनचा क्रमांक बदलला तर तोही कळवावयाचा असतो. नोंदच नसेल तर केंद्राला एवढेच कळते की, भारताचे एक सूचक समुद्रात बोलत आहे. ते मचव्यावर आहे की जहाजावर, दोन माणसांना वाचवावयाचे आहे की वीस, हाक खरी की भंगारातली, याचा अंदाज मग केंद्रातल्या माणसाने बांधावयाचा, आणि त्यात जो वेळ जातो तो पाण्यात असलेल्या माणसाचा जातो.

त्या मुलीच्या प्रश्नाला आज मी उत्तर देऊ शकेन. वृंदावन योजनेच्या त्या मैदानात, उघड्या आकाशाखाली तिने ती कळ दाबली असती, तर पन्नासेक सेकंदांत एक अर्ध्या सेकंदाची हाक वर गेली असती. उपग्रहाने ती ऐकली असती. गोमतीचे पाणी की समुद्राचे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. हाक बंगळूरला पोहोचली असती. तेथल्या माणसाने पंधरा अक्षरे वाचून नोंदवही उघडली असती आणि तीत लिहिलेल्या क्रमांकावर फोन केला असता. कोण्या किनाऱ्यावरच्या घरात घंटा वाजली असती. तेथे फोन उचलणाऱ्या बाईला किंवा भावाला पहिला प्रश्न हाच झाला असता: "तुमची नौका या वेळी कोठे आहे?"